वॉर्डात ड्युटी करणाऱ्या सिस्टरला संशोधनासाठी सरकारी अनुदान मिळू शकतं का?

मेल_मेडिसिन_सिस्टर

नमस्कार. विदर्भातल्या एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मी अधिपरिचारिका आहे. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून नोकरीला लागले, पुढे पोस्ट बेसिक (नर्सिंगची पदवी) केलं, मग अध्ययन रजा घेऊन एमएस्सी नर्सिंग. रजा संपली तशी परत वॉर्डात रुजू झाले. सध्या मेल मेडिसिनला आहे.

मला इंट्राकॅथवर, म्हणजे सलाइन-औषधासाठी शिरेत लावतात त्या बारीक नळीवर (तीच कॅन्युला), अभ्यास करायचा आहे. आमच्याकडे शिरस्ता असा की कॅन्युला बहात्तर तासांची झाली की काढायची आणि दुसऱ्या हाताला नवी लावायची, जुनी नीट चालत असली तरी. धडधाकट माणसाला त्याचं फार काही वाटत नाही. पण आमच्याकडे सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) मुलं क्रायसिस, म्हणजे तीव्र वेदनांचा झटका, घेऊन पुन्हा पुन्हा भरती होतात. लहानपणापासून टोचून घेऊन त्यांच्या शिरा कडक झालेल्या असतात. अशाच एका कॉलेजात जाणाऱ्या मुलाची कॅन्युला बदलायला गेले, तर त्याने दुसरा हात पांघरुणाखाली ओढून घेतला आणि म्हणाला, "सिस्टर, ही चालतेय ना? मग राहू द्या ना." फ्लश करून पाहिलं, खरंच छान चालत होती. सूज नाही, लाली नाही, दाबल्यावर दुखत नाही. तरी काढली, कारण नियम. नवी शीर शोधायला आम्हा दोघींना बराच वेळ लागला आणि शेवटी मनगटाच्या आतल्या बाजूला लावावी लागली. तिथे किती दुखतं ते ज्याला लावलीय त्यालाच ठाऊक.

दुसरी बाजूही रोज दिसते. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांची आयव्ही (कॅन्युला) दुसऱ्याच दिवशी आउट होते, म्हणजे शिरेबाहेर सरकते, हात कोपरापर्यंत सुजतो आणि ते कुणाला सांगत नाहीत. रात्रपाळीला एका सिस्टरकडे चाळीसच्या वर पेशंट. प्रत्येकाची पट्टी बघणं होत नाही.

म्हणून मला मोजायचंय. आमच्या वॉर्डात किती जणांना फ्लेबायटिस (शिरेचा दाह) होतो, कितव्या तासाला होतो, आणि प्रत्येक पाळीत व्हीआयपी स्कोअर (कॅन्युलाच्या जागेची लाली, सूज, दुखणं बघून दिलेले गुण) लिहिला तर बहात्तर तासांच्या नियमाची गरज उरते की नाही.

अधीक्षक सर चांगले आहेत. म्हणाले, "करा, पण ड्युटी सांभाळून. आणि पैशाचं माझ्याकडे काही नाही." एमएस्सीच्या प्रबंधाला सगळा खर्च मी घरातून केला, स्टॅटिस्टिशियनपासून बाइंडिंगपर्यंत. आता परत तसं करायची ऐपत नाही आणि खरं सांगायचं तर इच्छाही नाही. हे काम रुग्णालयासाठी आहे, त्याला सरकारी पैसा का नसावा?

तर विचारायचं आहे ते हे: नर्सने अर्ज करावा असं अनुदान कुठून मिळतं? मुख्य संशोधक म्हणून सिस्टरचं नाव चालतं का, की डॉक्टरांचंच लागतं? आणि मिळालं तर खर्च कशावर दाखवायचा? कागद आणि झेरॉक्सपलीकडे मला काही सुचत नाही.

बीएससी_ट्यूटर

ताई, तुमची कळकळ पोचली. पण मी तुमच्या जागी असते तर विषय सोपा घेतला असता. रुग्णांवरचा अभ्यास म्हटला की एथिक्स समितीची परवानगी, संमतीपत्रं, पाठपुरावा. त्याऐवजी 'फ्लेबायटिसविषयी परिचारिकांच्या ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता' असं करा. पूर्वचाचणी, लेक्चर, उत्तरचाचणी. महिनाभरात डेटा हातात येतो, खर्च जवळपास नाही आणि पेपरही छापून येतो. आमच्या कॉलेजच्या बहुतेक मुली असंच करतात. पुढे पीएचडीला गेलात की मोठा विषय घ्या.

निवृत्त_प्राचार्या

अगं, तुला एकेरीत लिहिते, माझ्या विद्यार्थिनी आता तुझ्याच वयाच्या आहेत. सगळी नोकरी नर्सिंग कॉलेजात गेली, शेवटची वर्षं प्राचार्य म्हणून. आता संशोधन प्रस्तावांच्या छाननीला बोलावतात तेव्हा जाते. अर्ज लिहिणाऱ्या मुलीही पाहिल्यात आणि अर्ज नाकारणारी समितीही.

आधी ट्यूटरबाईंच्या सल्ल्याबद्दल. तो चांगल्या मनाने दिलाय, पण कृपा करून तो विषय घेऊ नकोस. साठ जणींना प्रश्नावली द्यायची, भाषण द्यायचं, सात दिवसांनी तीच प्रश्नावली परत द्यायची. गुण वाढतातच. वाढले नाहीत असा प्रबंध मी पाहिलेला नाही. पण त्या साठ जणींच्या वॉर्डात एकाही रुग्णाच्या हाताची सूज कमी झाली का, ते त्यात कुठेच नसतं. मुलींना दोष देत नाही मी. एमएस्सीची मुदत ठरलेली, पैसा घरचा, वॉर्डात राहून रुग्णाचा पाठपुरावा करायला मोकळीक नाही, गाइडच्या हाताखाली एकीपेक्षा जास्त मुली. एवढ्याशा जागेत जो विषय मावतो तोच निवडला जातो. आपल्याकडच्या नर्सिंग संशोधनाचा दर्जा कमी आहे असं जे डॉक्टर म्हणतात त्यांना मी हेच सांगते, की पैसा आणि वेळ देऊन बघा, मग दर्जाचं बोलू.

आता तुझा प्रश्न किती मोलाचा आहे ते ऐक. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या तीन रुग्णालयांत नेमका हाच प्रश्न तपासला गेला. क्लेअर रिकार्ड या त्या चाचणीच्या प्रमुख, आणि त्या स्वतः नर्स. एकूण ३,२८३ रुग्ण. अर्ध्यांची कॅन्युला ठरल्या वेळी, तिसऱ्या दिवशी बदलली. उरलेल्यांची गरज पडली तरच. दोन्ही गटांत फ्लेबायटिस ७ टक्के. २०१२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. दोन वर्षांनी इंग्लंडच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये लिहिलं गेलं की कॅन्युला वेळापत्रकाने बदलू नका, गरज असेल तेव्हा बदला. केवढ्या सुया वाचल्या, केवढे हात वाचले!

हे झालं कसं, तर तिथल्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे सरकारनेच, पैसे दिले. आणि त्यातून रोज फिरून प्रत्येक रुग्णाचा हात बघणाऱ्या संशोधन परिचारिका नेमता आल्या. झेरॉक्सवर कितीसा खर्च होतो? खरा खर्च असतो तो बघणाऱ्या माणसाचा.

अमेरिकेचं उदाहरण मी वर्गात नेहमी द्यायची. तिथे नर्सिंग संशोधनाला वेगळं केंद्र हवं म्हणून परिचारिकांनी लढा दिला. १९८५ साली काँग्रेसने कायदा केला, अध्यक्ष रेगन यांनी तो नाकारला, काँग्रेसने नकार ओलांडून तो पुन्हा मंजूर केला. १९८६ मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थेत नर्सिंग संशोधनाचं केंद्र सुरू झालं, १९९३ मध्ये त्याला पूर्ण संस्थेचा दर्जा मिळाला. त्या पैशातून पुढे लिंडा एकेन यांचा अभ्यास झाला: पेनसिल्व्हेनियातली १६८ रुग्णालयं, शस्त्रक्रियेचे २ लाख ३२ हजार रुग्ण. नर्सच्या वाट्याला एकेक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असं २००२ मध्ये दिसून आलं. एका सिस्टरकडे किती पेशंट असावेत यावर जगभर जो वाद चालतो त्यात हा आकडा आजही पुढे ठेवला जातो. आपली संघटना मोर्चा काढते, निवेदन देते, 'ताण फार आहे' म्हणून सांगते. समोरचा विचारतो, पुरावा? तो पुरावा आपल्या मातीतला असायला हवा, आणि तो तयार करायला पैसा लागतो. अमेरिकेतही तो कायमचा मिळालेला नाही. २०२६ च्या अर्थसंकल्पाच्या प्रस्तावात तिथल्या सरकारने ही संस्थाच बंद करायची सूचना केली.

आपल्याकडे काय आहे, ते सांगते.

आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) बाह्य अनुदानं वर्षातून ठरलेल्या काळात उघडतात, लहान आणि मध्यम अशी. अर्ज ऑनलाइन, त्यांच्या ई-पीएमएस पोर्टलवर. संस्थेत नियमित नोकरीत असणं ही मोठी अट आहे आणि ती तू पूर्ण करतेस. पात्रता मात्र दर वेळच्या जाहिरातीत शब्दन् शब्द वाच, कारण अटी बदलतात. पैसा तुझ्या खात्यात येत नाही, संस्थेच्या येतो. वर्षाअखेरी उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं. म्हणून लेखा विभागातल्या बाबूंशी आधीच बोलून ठेव. प्रस्ताव मंजूर होऊनही पैसा संस्थेच्या खात्यात पडून राहिलेला मी पाहिलाय, कारण खरेदीच्या फाइलवर सही कुणाची हेच ठरत नव्हतं.

त्याहून लहान सुरुवात करायची असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या संशोधन विभागाची परिपत्रकं बघत जा. केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाचं अनुदान आहे, आणि त्यांच्या मनुष्यबळ विकास योजनेत प्रशिक्षणासाठी फेलोशिपही असतात. शिवाय याच विभागाने बऱ्याच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत बहुविद्याशाखीय संशोधन युनिटं काढून दिली आहेत, ज्यांना सगळे एमआरयू म्हणतात. तुमच्या आवारात ते असेल तर जाऊन दार ठोठाव. आपल्या सिस्टर तिकडे फक्त सँपल पोचवायला जातात, हे मला फार लागतं.

मुख्य संशोधक म्हणून नाव. आयसीएमआरच्या प्रकल्पांत 'प्रोजेक्ट नर्स' हे पद असतं, ते तुलाही माहीत असेल. म्हणजे प्रस्तावात नर्स असते, पण मनुष्यबळाच्या रकान्यात, पगाराच्या आकड्यासमोर. पहिल्या पानावर नसते. तू पहिल्या पानासाठी लिही. पीएसएमचा (सामुदायिक वैद्यकशास्त्र विभागाचा) एखादा चांगला माणूस सहसंशोधक म्हणून घे, त्याने प्रस्ताव मजबूत होईल. पण प्रश्न तुझा आहे, वॉर्ड तुझा आहे.

आणि खर्चाचं. नियमित नोकरीतल्या मुख्य संशोधकाला प्रकल्पातून पगार घेता येत नाही. मग वेळ कसा मिळवायचा? एक प्रोजेक्ट नर्स मागायची. तिने दिवसातून ठरल्या वेळी हात बघायचे, स्कोअर लिहायचा, मोबाइलवर फॉर्म भरायचा. स्टॅटिस्टिशियनचं मानधन टाक. प्रशिक्षणाचा खर्च टाक, कारण प्रत्येक पाळीतल्या सिस्टरला स्कोअर एकसारखा द्यायला शिकवावं लागेल. एकीने १ दिला आणि दुसरीने त्याच हाताला ३ दिला तर सगळा डेटा वाया. कॅन्युलाचं साहित्य वॉर्डाच्या साठ्यातून वापरणार की प्रकल्पातून, तेही लिही. हे सगळं मागताना संकोच करू नकोस. फार कमी पैसे मागणारा प्रस्ताव आला की समितीत लगेच कुणीतरी विचारतं, यांना काम किती आहे याचा अंदाज आहे का?

पीएसएमचा_डॉक्टर

मॅडमशी बहुतांशी सहमत, एका मुद्द्यावर नाही. पैशाआधी पद्धत हवी. मी आमच्या कॉलेजच्या एथिक्स समितीवर आहे. नर्सिंगकडून येणाऱ्या प्रस्तावांत नमुन्याची संख्या कशी काढली हे बहुतेकदा लिहिलेलंच नसतं. 'साठ' असतं, का साठ ते नसतं. अशा प्रस्तावाला कोणीही अनुदान देणार नाही, मुख्य संशोधक नर्स असो की प्रोफेसर.

सिस्टर, तुमच्यासाठी थोडा हिशेब. रिकार्ड यांची चाचणी करायला तीन हजारांवर रुग्ण लागले. ती एका वॉर्डात होणार नाही. पहिल्या टप्प्यात फक्त निरीक्षण करा, नियम आहे तसाच ठेवून. फ्लेबायटिसचं प्रमाण अंदाजे ३० टक्के धरलं, पाच टक्के इकडेतिकडे अचूकता हवी आणि ९५ टक्के खात्री हवी, तर ३२३ रुग्ण लागतात. मध्येच डिस्चार्ज किंवा रेफर होणारे धरून ३६०च्या आसपास घ्या. एका रुग्णाची पहिलीच कॅन्युला मोजा, नाहीतर एकाच माणसाच्या चार कॅन्युला चार वेगळी माणसं असल्यासारख्या मोजल्या जातात आणि सगळं गणित बिघडतं. लावल्याची तारीख आणि वेळ, गेज (कॅन्युलाची जाडी), जागा, कोणी लावली, कोणतं औषध गेलं आणि प्रत्येक पाळीचा स्कोअर, एवढं लिहिलं तरी उत्तम पेपर होतो. पोटॅशियम, अमिओडॅरोन आणि काही अँटिबायोटिक्स शिरेला त्रास देतात, त्यांचा रकाना वेगळा ठेवा.

आणि मॅडमनी दिलेल्या ऑस्ट्रेलियाच्या निष्कर्षाला एक पुरवणी. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयांनी ठरल्या वेळी बदलणं सोडून गरजेप्रमाणे बदलायला सुरुवात केली, तेव्हा कॅन्युलामुळे होणारा रक्तातला जंतुसंसर्ग वाढलेला दिसला. मग त्यांनी जुना नियम परत आणला. हा अभ्यास २०२१ मध्ये आला. 'गरज असेल तेव्हा' या नियमात कोणीतरी रोज बघतंय हे गृहीत असतं. रात्री चाळीस पेशंटमागे एक सिस्टर असेल तर ते गृहीतक टिकत नाही. म्हणून बाहेरचा निष्कर्ष उचलून नियम बदलण्याआधी तुमच्या वॉर्डातला अभ्यास हवाच. अनुदानाच्या प्रस्तावात पहिला परिच्छेद हाच लिहा. समितीला पटेल.

स्टॅटिस्टिशियनवर खर्च करायच्या आधी तुमच्याच कॉलेजच्या पीएसएम विभागात जा. तिथे सांख्यिकी शिकवणारं पद असतं. डेटा गोळा झाल्यावर जाऊ नका, गोळा करण्याआधी जा. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा आरोग्य संशोधनाचा ऑनलाइन कोर्स एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षण मंचावर आहे. शिकायला पैसे नाहीत, परीक्षा द्यायची तरच फी. तो करा. पुढे चाचणी करायची ठरली तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर (भारतातल्या क्लिनिकल चाचण्यांच्या नोंदणी संकेतस्थळावर) नोंदणी करा, तीही मोफत आहे. एप्रिल २०१८ पासून आधी नोंदणी बंधनकारकच आहे.

मेल_मेडिसिन_सिस्टर

मॅडम, सर, दोघांचे मनापासून आभार. ३२३चा हिशेब वहीत लिहून घेतला. जिनिव्हाचं माहीत नव्हतं, ते वाचून आधी घाबरले आणि मग बरं वाटलं, की म्हणजे माझा प्रश्न अजून सुटलेला नाही.

एक गोष्ट मात्र अजून अडते. प्रोजेक्ट नर्स मिळाली तरी तिला शिकवणं, तिचे फॉर्म तपासणं, एथिक्सच्या बैठकीला जाणं, बिलं लावणं, हे सगळं मलाच करायचं. आठवड्याच्या पाळ्या, त्यात नाइट. एमडी करणाऱ्या निवासी डॉक्टरला थीसिस त्याच्या अभ्यासक्रमातच असतो, त्यामुळे त्याच्या वेळेबद्दल कुणी विचारत नाही. माझा अभ्यास ड्युटीत कुठेच बसत नाही. नाइट ऑफला फॉर्म तपासत बसणं हेच जर 'नर्सिंग संशोधन' असेल तर ते किती दिवस चालणार?

लीड्सची_सिस्टर

मी मूळची सांगलीची, आता इंग्लंडमध्ये एनएचएसच्या (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) एका रुग्णालयात क्लिनिकल रिसर्च नर्स आहे. तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून लिहावंसं वाटलं, कारण इथे या एकाच गोष्टीवर पैसा खर्च केला गेला.

इंग्लंडमध्ये सरकारी पैशावर चालणारी राष्ट्रीय आरोग्य आणि देखभाल संशोधन संस्था आहे, एनआयएचआर. २०१८ साली एनएचएसला सत्तर वर्षं झाली, तेव्हा त्यांनी सत्तर वरिष्ठ नर्स आणि मिडवाइफ निवडायचा कार्यक्रम जाहीर केला. त्या प्रत्येकीला तीन वर्षं, आठवड्यातले दोन दिवस फक्त संशोधनाच्या कामासाठी मोकळे दिले गेले. त्या दोन दिवसांच्या पगाराचा भार एनआयएचआरने उचलला, म्हणून वॉर्डाला 'माणूस नेला' असं म्हणता आलं नाही. कुणाला प्रयोगशाळा दिली नाही, यंत्रं दिली नाहीत. आठवड्यातले दोन दिवस दिले. आणि काम काय सांगितलं, तर आपल्या रुग्णालयात इतर नर्सेसना संशोधनात आणणं.

माझं स्वतःचं पद वेगळं आहे. मी वॉर्डाच्या ड्युटीत नसतेच. रुग्णाला अभ्यासाची माहिती द्यायची, संमती घ्यायची, पाठपुरावा करायचा, हेच माझं पूर्णवेळ काम. सांगलीत नोकरी करत होते तेव्हा संमतीपत्रावर अंगठा घेताना रुग्णाला दोन ओळी समजावून सांगायलाही वेळ नसायचा. इथे मी एकेका रुग्णापाशी खुर्ची घेऊन बसते, त्याचे प्रश्न संपेपर्यंत. त्याने नाही म्हटलं तर हसून उठते. हे काही मी चांगली झाले म्हणून घडत नाही. पगार त्याच कामाचा आहे म्हणून घडतं.

इथेही सगळं आलबेल नाही. वॉर्डांत माणसं कमी आहेत आणि बजेट आवळलं की संशोधनाच्या पदांकडे आधी बोट जातं. तरी 'नर्सचा संशोधनाचा वेळ हा पगारी वेळ असतो' एवढं इथे मान्य झालंय.

निवृत्त_प्राचार्या

सांगलीच्या लेकीने नेमकं सांगितलं. मी इतकी वर्षं हेच मागतेय.

आपल्याकडे सरकारी पैसा नर्सिंगला येत नाही असं नाही. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १५७ नवी नर्सिंग कॉलेजं मंजूर केली, एकूण १,५७० कोटी, म्हणजे कॉलेजमागे १० कोटी. त्याच वर्षी १९४७ च्या जुन्या नर्सिंग परिषदेच्या कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसविका आयोगाचा कायदा संसदेत मंजूर झाला. मला आनंद आहे. पण इमारत उभी राहिल्यावर त्या वर्गात संशोधन हा विषय शिकवणार कोण? जिने आयुष्यात एकही अनुदान घेतलं नाही, ३२३ हा आकडा कसा येतो हे जिला कुणी कधी दाखवलं नाही, तीच मुलगी फळ्यावर 'संशोधनाचे टप्पे' लिहिणार. पीएचडी वाढावी म्हणून नर्सिंग परिषदेने बंगळूरच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाबरोबर राष्ट्रीय संघ काढला, जागतिक आरोग्य संघटनेची मदत घेतली. त्यातून चांगल्या मुली तयार झाल्या. पण पीएचडी झालेली बहुतेकदा कॉलेजात जाते आणि वॉर्डात जी उरते तिच्या हातात प्रश्न असतो, वेळ नसतो. या दोघींना एकत्र काम करता येईल असं पद हवं. अर्धा वेळ वॉर्ड, अर्धा वेळ संशोधन, पगार पूर्ण. एका जिल्ह्यात एक दिलं तरी चालेल.

ते होईल तेव्हा होईल. तुला आत्ता काय करता येईल ते सांगते. अधीक्षकांच्या तोंडी 'करा' वर जाऊ नकोस. प्रस्तावाबरोबर संस्थाप्रमुखांचं संमतीपत्र लागतंच, ते अधिष्ठात्यांच्या सहीने जाईल. त्याचा मसुदा बहुतेक ठिकाणी अर्जदारालाच करायला सांगतात. त्यात एक वाक्य घाल: प्रकल्पाच्या कालावधीत मुख्य संशोधकास आठवड्यातून एक पूर्ण दिवस प्रकल्पाच्या कामासाठी वॉर्ड ड्युटीतून मोकळा दिला जाईल आणि त्याप्रमाणे ड्युटी पत्रक लावलं जाईल. आधी अधिसेविकांना दाखव, कारण ड्युटी पत्रक त्या लावतात, आणि त्यांना न विचारता वरून आदेश आला तर तो टिकत नाही. त्यांचं नावही सहसंशोधक म्हणून घाल, मनापासून घाल. एकदा सही झाली की मंजूर प्रकल्पाच्या कागदात तो दिवस कायमचा आला. पुढे इनचार्ज बदलल्या, अधीक्षक बदलले तरी दाखवायला कागद राहतो.

मसुदा झाला की इथे टाक, मी तपासून देते. रुग्णालयाचं नाव काढून टाक म्हणजे झालं.

बीएससी_ट्यूटर

प्राचार्या मॅडम, तुमचं वाचून विचारात पडले. आमच्याकडे मुलींना रुग्णांवरचा विषय घ्यायचा नाही असं कुणी म्हणत नाही, पण क्लिनिकल पोस्टिंगच्या वेळा अशा असतात की दुपारी एकनंतर वॉर्डात थांबताच येत नाही, कॉलेजची बस निघते. आठ-आठ तासांनी हात कोण बघणार? चार मुलींनी मिळून एकच विषय घेतला, पाळ्या वाटून घेतल्या आणि प्रत्येकीने त्यातला वेगळा भाग लिहिला, असं विद्यापीठात चालेल का?

पीएसएमचा_डॉक्टर

बीएससीच्या गटप्रकल्पाला चालतंच, तिथे मुली गटानेच काम करतात. एमएस्सीला प्रबंध स्वतंत्र लागतो, पण मोठ्या अभ्यासाचे वेगवेगळे उपप्रश्न वेगवेगळ्या मुलींनी घेतले तर एथिक्स समितीला अडचण असायचं कारण नाही. नोंदणीच्या वेळीच तसं स्पष्ट लिहा. आणि या सिस्टरांच्या अभ्यासाला दुसरं केंद्र म्हणून तुमचं कॉलेज जोडता आलं तर बघा. दोन ठिकाणचा डेटा असेल तर प्रस्तावाचं वजन वाढतं, तुमच्या मुलींना खरा विषयही मिळतो.

मेल_मेडिसिन_सिस्टर

ट्यूटर मॅडम, मी तयार आहे! तुम्हाला निरोप पाठवते.

आज मॉर्निंगला अधिसेविका मॅडमना भेटले. आठवड्यातून एक दिवस म्हटल्यावर त्यांनी आधी ड्युटी पत्रकच माझ्यासमोर ठेवलं, "तूच सांग कुठून काढू." बरोबरच आहे त्यांचं. पण प्रोजेक्ट नर्स मिळणार आणि प्रत्येक पाळीत स्कोअर लिहिला जाणार म्हटल्यावर त्यांनी विचारलं, की मग आउट झालेल्या आयव्ही आपल्याला लवकर कळतील का? म्हटलं, तेच तर बघायचंय. सहसंशोधक व्हायला हो म्हणाल्या. मसुदा त्या स्वतः वाचणार आहेत.

तोपर्यंत इथल्या सिस्टर-ब्रदर मंडळींना एक विनंती. तुमच्या वॉर्डात कॅन्युलावरच्या मायक्रोपोरवर लावल्याची तारीख-वेळ लिहितात का, आणि बदलायचा नियम किती तासांचा आहे, एवढं सांगा. रुग्णालयाचं नाव नको, वॉर्ड कोणता तेवढं पुरे. ज्यांच्याकडे ९६ तासांचा नियम आहे किंवा नियमच नाही, त्यांनी तर जरूर लिहा. दुसरं-तिसरं केंद्र म्हणून मला असेच वॉर्ड हवे आहेत.